गोदाकाठची पाणबुडी

नाशिककराचा आणि समुद्राचा तसा काही संबंध नाही. पाणी मोजायचं आमचं माप म्हणजे दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, की सगळं गाव पुलावर जमतं, पूर बघतं आणि घरी जाऊन भजी खातं. त्यापलीकडे पाण्याचा विचार करायची आम्हाला सवय नाही. कुसुमाग्रजांनी 'कोलंबसाचे गर्वगीत' लिहिलं हे खरं, पण ते कवी होते. कवीला घरबसल्या समुद्र दिसतो. मला गांधी तलावातल्या होडीत बसल्या जागी मळमळतं. पोहणं म्हणाल तर लहानपणी रामकुंडावर पाठीला डबा बांधून जेवढं शिकलो तेवढंच. डबा सुटला त्या दिवशी शिक्षणही सुटलं.

असा मी, वय वर्षं ६८, एका बँकेतून निवृत्त, रक्तदाबाची एक गोळी सकाळी आणि एक रात्री घेणारा, घरात झुरळ दिसलं तर त्याला केरसुणीवर घेऊन अंगणात सोडणारा, गेल्या उन्हाळ्यात उत्तर अटलांटिक महासागरात २३ व्यापारी जहाजं बुडवून बसलो. एकूण १,१२,४०० टन. आकडा पाठ आहे, कारण तो मी रोज कालनिर्णयवर मांडत होतो.

हे कसं झालं ते सांगतो.

मे महिन्यात आमचा नातू पुण्याहून आला. वय वर्षं १३. बाहेर गंगापूर रोडवर डांबर वितळत होतं, त्यामुळे त्याला बाहेर सोडायची सोय नव्हती. घरात त्याच्या बापाने मागे टाकलेला जुना कॉम्प्युटर होता. त्यावर तोवर मी फक्त पेन्शनचा हयातीचा दाखला कसा भरतात हे शिकत होतो. नातवाने त्यात 'सायलेंट हंटर' नावाचा खेळ घातला. खेळ तसा जुना, २००५ सालचा. पण आमच्या घरातलं सगळंच जुनं असल्यामुळे तो चटकन रुळला. नातू जूनमध्ये शाळेला गेला. खेळ राहिला. मीही राहिलो.

खेळ असा. दुसरं महायुद्ध चालू आहे. तुम्ही जर्मन पाणबुडीचे कप्तान. पुढे चार नळ्या, मागे एक नळी, आत १४ टॉर्पेडो. वरून हुकूम येतो की अमुक चौकोनात जाऊन गस्त घाल. जर्मनांनी सगळ्या समुद्राचे चौकोन पाडून त्यांना अक्षरं आणि आकडे दिले होते. हे बघून मला फार आपुलकी वाटली. म्हणजे समुद्राचेसुद्धा गट नंबर! आता एखादा तलाठी भेटला की अटलांटिकचा सातबारा निघायला हरकत नाही.

त्या गटात जायचं, बुडी मारून बसायचं आणि पेरिस्कोप वर काढून वाट बघायची. जहाज दिसलं की पुस्तकात बघून ते ओळखायचं. मग त्याचं अंतर, वेग आणि ते आपल्याला किती कोनात दिसतंय हे मांडायचं. जहाज आज जिथे आहे तिथे टॉर्पेडो सोडून उपयोग नाही. टॉर्पेडो पोचेल तेव्हा ते जिथे असेल तिथे सोडायचा. हा हिशेब एकदा जमला की त्यात विलक्षण सुख आहे. ३४ वर्षं बँकेत चक्रवाढ व्याज मोजणाऱ्या माणसाला तर फारच. हातात घड्याळ धरून सेकंद मोजायचे, आणि बरोबर ठरल्या सेकंदाला लांबवर पाण्याचा खांब उभा राहतो. ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळल्यावर जे वाटायचं, तेच हे!

आमच्या घराची मात्र पाणबुडी झाली. शत्रूच्या विनाशिका डोक्यावर फिरू लागल्या की पाणबुडीत आवाज करायचा नसतो. नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. मी ओरडायचो, "अगं, गॅस बंद कर, त्यांना आवाज जाईल!" ही म्हणायची, "कुणाला? वरच्या मजल्यावरच्यांना? त्यांच्याकडे आत्ताच तीन झाल्या." दूधवाल्याचा वेगळाच घोळ. कालनिर्णयवर ही 'दूध दीड' लिहायची, त्याच चौकटीत मी '६,२०० ट.' लिहायचो. महिनाअखेरीला दूधवाला तारखा तपासता तपासता थबकला. "वहिनी, हे 'ट.' म्हणजे ताक का? एवढं ताक आम्ही दिलेलं नाही," असं म्हणाला.

टनावरून आठवलं. जहाजाचा टन म्हणजे वजन नव्हे, हे मला या वयात कळलं. व्यापारी जहाजाचा नोंदणीचा टन म्हणजे १०० घनफूट जागा. जहाज किती जड आहे ते नव्हे, त्याच्या पोटात जागा किती आहे ते. मूळ शब्द म्हणे दारूच्या पिंपावरून आला. जहाजात किती पिंपं मावतात यावरून त्याची ऐपत ठरायची. म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या या जिल्ह्यात बसून मी पिंपंच मोजत होतो म्हणा ना.

आता कुणी विचारेल, की व्यापारी जहाजंच का? लढाऊ जहाजं नव्हती का? होती. पण लढाऊ जहाज उलटून मारतं. व्यापारी जहाज आपलं हळूहळू धूर सोडत, गहू, लोखंड, तेल घेऊन निघालेलं असतं. त्यातही ताफ्यातून मागे पडलेलं एखादं असलं तर सोन्याहून पिवळं. मी अशा मागे पडलेल्यांची वाट बघायचो. रस्त्यात कुणाची स्कूटर बंद पडली तर थांबून चौकशी करणारा माणूस मी. पण समुद्रात एखाद्याचं इंजिन दमलेलं दिसलं की मला हर्ष व्हायचा.

नातू फोनवरून मार्गदर्शन करायचा. एक दिवस म्हणाला, "आजोबा, तुम्ही दोन-दोन टॉर्पेडो कशाला वाया घालवता? धुराड्याच्या खाली नेम धरा. तिथे इंजिन रूम असते. एकात काम होतं."

धरला. झालं. माझी सरासरी एकदम सुधारली.

शेजारचे नाना तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले आहेत. त्यामुळे त्यांच्याकडे वेळ असतो आणि शंका असतात. संध्याकाळी चहाला आले की "आज किती?" म्हणून विचारायचे. एकदा मीच त्यांना म्हटलं, "नाना, यात पाप आहे का हो?"

नानांनी बशी खाली ठेवली. "पापाला तीन गोष्टी लागतात. हेतू, कृती आणि बळी. तुमच्याकडे हेतू आहे, तोही खेळण्याचा. कृती म्हणाल तर बोटाने कळ दाबलीत. बळी कुठाय? पडद्यावरचे ठिपके! बुद्धिबळात तुम्ही आयुष्यभर हत्ती-घोडे मारलेत, तेव्हा कधी प्रायश्चित्त घेतलंत?"

मुद्दा बिनतोड होता. पण बिनतोड मुद्द्याने माणूस गप्प होतो, त्याचं समाधान होतंच असं नाही. मी म्हटलं, "आणि हरिश्चंद्र?"

"हरिश्चंद्राचं काय?"

"त्याने विश्वामित्राला राज्य दिलं ते स्वप्नात. सकाळी उठून 'जाऊ द्या, ते ठिपके होते' असं म्हणता आलं असतं की त्याला! पण नाही म्हणाला. डोंबाघरी पाणी भरलं. आपल्याकडे स्वप्नातलं दानसुद्धा खरं धरतात. शिवाय ही गोष्ट आपल्या जिल्ह्याची आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो याच राजावर. मग स्वप्नातलं दान खरं, तर स्वप्नातली चोरी खोटी का?"

नाना जरा विचारात पडले. "तो राजा होता," एवढंच म्हणाले. आमची ही आतून बाहेर आली आणि म्हणाली, "पाप-बीप मला कळत नाही. पण ते जहाज फुटतं तेव्हा यांचा चेहरा कसा होतो ते एकदा आरशात बघायला सांगा."

विषय तिथेच संपला असता. पण दुसऱ्या दिवशी चाचा आले.

चाचा म्हणजे आमचे आंबेवाले. रत्नागिरीकडचे. गेली वीसएक वर्षं दर मोसमात हापूसच्या पेट्या घेऊन नाशकात येतात. पहिली खेप एप्रिलमध्ये, शेवटची जूनच्या तोंडावर, पाऊस यायच्या आत. ही शेवटची खेप होती. ही पेटी उघडून आंबे दाबून बघत होती आणि चाचा "वहिनी, दाबू नका, वास घ्या" म्हणत होते. मी आत मोहिमेवर. एक मोठं जहाज, ७,००० टनांचं, अगदी आडवं आलेलं. चाचा पाणी प्यायला आत आले आणि माझ्या पाठीशी उभे राहिले.

"बोट आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. बघा हं आता." मी धुराड्याच्या खाली नेम धरला, कळ दाबली आणि घड्याळ लावलं. चाचांना सगळं समजावून सांगितलं. अंतर, कोन, टन. पाण्याचा खांब उठला. जहाज दुमडलं.

चाचा बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "साहेब, यात आगवाला कुठे असतो?"

"आगवाला?"

"भट्टीत कोळसा मारणारा. माझे आजा आगवाले होते. गोऱ्यांच्या कंपनीच्या बोटीवर. मोठ्या लढाईत गेले. बोट फुटली ती इंजिनाजवळच. वरचे लोक होडीत उतरले म्हणे, काही वाचले. खालचं कोणी वर आलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "मुंबईला मशीद बंदराजवळ खलाशांचं घर आहे, तिथे वहीत नाव आहे. वडील दाखवायला घेऊन गेले होते."

हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. आपल्या गावचं नाव कुठे छापून आलं की माणूस कुतूहलाने विचारतो ना, तसं विचारलं. पाणी प्याले, "पेटीत दोन जास्त ठेवलेत" म्हणाले आणि गेले.

पडद्यावर ७,००० टन बुडत होते. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. डेकवर कोणी नव्हतं. होडी नाही, माणूस नाही, हाक नाही. रिकामं जहाज आपण होऊन इंग्लंडला निघालेलं आणि आपण होऊन बुडालेलं.

नाना म्हणत होते ते खरंच होतं. बळी नव्हता. पण तो कुणीतरी काढून ठेवला होता म्हणून नव्हता!

मग मी मोहीम थांबवली आणि वाचायला बसलो. निवृत्त माणसाला दुःख झालं की तो एक तर तीर्थयात्रेला जातो, नाही तर वाचनालयात. तीर्थ आमच्या दारातच असल्यामुळे मी वाचनाकडे वळलो.

तर वाचकहो, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर आपले खलाशी हजारोंनी होते. रत्नागिरीचे, गोव्याचे, गुजरातचे, सिल्हेट-चितगावचे. सारंग, टंडेल, सुकाणी, भंडारी, आगवाला, कोळसेवाला ही त्यांची हुद्द्यांची नावं. ती कंपन्यांच्या इंग्रजी कागदांतही जवळजवळ तशीच लिहिलेली असत. लढाई सुरू झाली तेव्हा पगार गोऱ्या खलाशाच्या पाव हिश्शाहूनही कमी. जागा मात्र पुष्कळांची एकच. खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली, बॉयलरपाशी. त्या युद्धात असे सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी समुद्रात गेले. म्हणजे आमचा नातू ज्याला 'एकात काम होतं' म्हणाला, त्या जागी उभं राहणारा माणूस बऱ्याचदा आपल्याकडचाच असायचा.

मला वाटलं होतं, की खेळ खोटा आहे म्हणून त्यात माणसं नाहीत. खऱ्या युद्धात असं नसणार. वाचल्यावर उलटंच निघालं. जर्मन पाणबुड्यांचा सेनापती डोनिट्झ, त्याचं सगळं गणितच टनांचं होतं. जहाज कुठे बुडतं, रिकामं आहे की भरलेलं, याला फारसं महत्त्व नाही. शत्रू महिन्याला जेवढे टन बांधतो त्याहून जास्त टन बुडवा, म्हणजे तो संपला. कप्तानांची कीर्ती टनांवर, पदकं टनांवर. पेरिस्कोपमधून त्यांनाही जहाजाची काळी आकृतीच दिसायची, पुस्तकात बघून ओळखण्यापुरती. म्हणजे खेळवाल्यांनी कालनिर्णयवरचा माझा हिशेब मनाने रचलेला नव्हता. युद्धाने रचलेलाच त्यांनी प्रामाणिकपणे उतरवून घेतला होता. आगवाला माझ्या पडद्यावर नव्हता, तसा तो त्यांच्या वहीतही नव्हता. मी त्या वहीत बसलो होतो एवढंच.

नियम नव्हते असं नाही. १९३६ साली लंडनला करार झाला होता. व्यापारी जहाज बुडवायचं तर आधी त्यातले उतारू, खलाशी आणि जहाजाचे कागद सुरक्षित जागी पोचवायचे. भर समुद्रात नुसतं होडीत उतरवलं म्हणजे सुरक्षित नव्हे, असंही त्यात बजावलेलं. जर्मनीनेही तो मान्य केला. आणि ३ सप्टेंबर १९३९ला, ब्रिटनने युद्ध पुकारलं त्याच दिवशी, 'अथेनिया' हे उतारूंचं जहाज जर्मन पाणबुडीने सूचना न देता बुडवलं. शंभराहून अधिक माणसं गेली. करार एक दिवससुद्धा टिकला नाही. आमच्या सोसायटीतला गाड्या लावायचा करार याहून जास्त टिकला होता.

सप्टेंबर १९४२मध्ये एका कप्तानाने मात्र वेगळं केलं. 'लॅकोनिया' नावाचं जहाज त्याने बुडवलं आणि पाण्यातून इटालियन बोलणं ऐकू यायला लागलं. जहाजात इटालियन युद्धकैदी होते. त्याने लोकांना वर घेतलं, रेड क्रॉसचं निशाण पसरलं, मदत मागितली. वरून अमेरिकन विमानाने बाँब टाकले. त्यानंतर डोनिट्झने हुकूम काढला, की यापुढे कुणालाही वाचवायचं नाही. या सगळ्याबद्दल १९४६ साली न्यूरेंबर्गला त्याच्यावर खटला झाला. १० वर्षांची शिक्षा झाली, पण त्यात पाणबुडीच्या युद्धाचे नियम मोडल्याचा भाग धरला नाही. कारण अमेरिकेच्या नौसेनापती निमिट्झने स्वच्छ कळवलं होतं, की पॅसिफिकमध्ये आम्हीही पहिल्या दिवसापासून हेच करत होतो. सगळेच उशिरा आले तर कुणाचाच लेटमार्क लागत नाही, हे सरकारी कचेरीतलं तत्त्व एवढ्या मोठ्या कोर्टातही चालतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि घराजवळची गोष्ट. २० नोव्हेंबर १९४२ला 'टिलावा' नावाची बोट मुंबईहून आफ्रिकेला निघाली. मोंबासा, डर्बन वगैरे. बोटीवर ९५८ माणसं. पोटापाण्याला निघालेली कुटुंबं, व्यापारी, बायका, मुलं. २३ तारखेच्या पहाटे जपानच्या आय-२९ या पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. माणसं होड्यांत उतरत असताना दुसरा मारला. २८० गेली. बाकीच्यांना ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम' आणि 'कार्थेज' या जहाजाने उचललं, २७ तारखेला ती मुंबईला परत आली. टिलावाचं माप १०,००६ टन. माझ्या कालनिर्णयवर तिने एका तारखेची चौकट घेतली असती आणि मी त्या दिवशी हिला म्हटलं असतं, "आज काहीतरी गोड कर."

पण खरा घोटाळा पुढेच आहे. एप्रिल १९४३च्या अखेरीला नेताजी सुभाषचंद्र बोस भर समुद्रात एका पाणबुडीतून दुसऱ्या पाणबुडीत गेले, ही गोष्ट आम्ही शाळेत श्वास रोखून ऐकलेली. जर्मन पाणबुडीतून ते ज्या जपानी पाणबुडीत उतरले ती कोणती? आय-२९. तीच. टिलावाला जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते. आणि ज्या जर्मन पाणबुडीतून ते आले, तिने वाटेत 'कॉर्बिस' नावाचं ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं होतं, नेताजी आत असताना. आता मी पेरिस्कोपच्या कोणत्या बाजूला उभा राहू? पाणबुडी पोचावी म्हणून श्वास रोखलेला मुलगा मीच, आणि टिलावाच्या धक्क्यावर कुणाला तरी पोचवायला आलेली माणसंही माझीच. नानांना विचारलं. नाना त्या दिवशी चहा न घेता गेले.

इथवर सगळं पुस्तकातलं. पुस्तकातलं पाप सोसवतं. पुढचं जरा अवघड आहे, पण निघालाच विषय तर सांगून टाकतो.

१९९०च्या दशकात मी निफाडकडे एका शाखेत वसुलीला होतो. मार्च एंड जवळ आला की वरून आकडा यायचा. एवढे लाख वसूल करा. भिंतीवर तक्ता असायचा, त्यावर रोजचा आकडा लिहायचा. माझा आकडा चांगला असायचा. नेम कुठे धरायचा हे मला कळलेलं होतं. बड्या बागायतदाराच्या मागे लागलं तर तो उलटून मारतो. त्याची वरपर्यंत ओळख असते. मागे पडलेला, एकटा, गारपिटीत बाग गेलेला बघायचा आणि नेमका त्याचा ट्रॅक्टर ओढून आणायचा. ट्रॅक्टर म्हणजे शेतकऱ्याची इंजिन रूम. एकात काम होतं.

असा एक जण ट्रॅक्टर ओढून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी शाखेत आला आणि बाकावर बसून राहिला. सकाळी ११ ते संध्याकाळी ५. काही बोलला नाही. मी काउंटरच्या काचेतून त्याला बघत होतो. मला त्याचा खातेक्रमांक पाठ होता, नाव नव्हतं. कर्ज बुडवू द्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. ठेवीसुद्धा कुणाच्या तरी घामाच्याच असतात, आणि हुकूम तर होताच. पण चहा विचारता आला असता. दोन हप्ते पाडून देऊ का, एवढं विचारता आलं असतं. तशी कळ माझ्या समोर होती. मी दाबली नाही. मला त्या वर्षी प्रशस्तिपत्रक मिळालं. अजून कपाटात आहे. पुढे त्या माणसाचं काय झालं, ते तक्त्यावर लिहायची पद्धत नव्हती.

तर आता नानांच्या प्रश्नाला माझं उत्तर सांगतो. खेळात पाप नाही. ठिपक्यांना आई-बाप नसतात, ते बुडाले तर बुडू देत. नातवाच्या हातून खेळ काढून घ्या असंही मी म्हणणार नाही. आम्ही विटी-दांडूत एकमेकांचे डोळे फोडायची वेळ आणली होती, हा त्यामानाने सुसंस्कृत प्रकार आहे. पण माणसाकडे बघायची एक नजर असते, जिच्यात फक्त टन दिसतात. ती नजर खेळाने मला दिली असं म्हणायची सोय नाही. ती माझ्याकडे तीस वर्षांपूर्वीपासून होती. खेळात मी इतक्या लवकर तरबेज कसा झालो, हे कोडं मात्र त्यामुळे सुटलं.

दिवाळीला नातू आला. आल्या आल्या कालनिर्णय बघितलं. "आजोबा, जूनपासून सगळं शून्य? खेळणं सोडलंत?"

सोडलेलं नाही. पद्धत बदलली आहे. आता मी जहाज दिसलं की त्याच्या मागे मागे जातो. नळ्या बंद. ते बंदराजवळ पोचेपर्यंत बरोबर राहायचं आणि मग परत फिरायचं. आपल्याकडे पाहुण्याला एसटी स्टँडपर्यंत पोचवायला जातात, तसं. अर्थात मी पोचवायला निघालोय हे त्यांना ठाऊक नसतं. माझा पेरिस्कोप दिसला की ती नागमोडी पळत सुटतात. एकाने तर माझ्यावर तोफ डागली. दोन वेळा डिझेल संपून मी भर समुद्रात अडकलो. खेळात यासाठी गुण नाहीत. एकही नाही.

नातवाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण आजोबा, बुडवलं तर पाप नाही म्हणता, मग पोचवलं तर पुण्य कसं?"

पोरगं नानांकडे पाठवायच्या लायकीचं आहे. मी म्हटलं, "नाहीच. ठिपक्यांचं पापही नाही आणि पुण्यही नाही. सराव आहे."

"कसला?"

उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. पूर्वीसारखा मी ओरडलो नाही. आतून हीच ओरडली, "अहो, पोचलं का तुमचं जहाज? पोचलं असेल तर पानं घेतलीयेत!"

मी पडद्याकडे बघितलं. धूर सोडत, रेंगाळत, ताफ्यातून मागे पडलेलं एक ५,००० टनी धूड बंदरात शिरत होतं. "पोचलं," म्हणालो आणि हात धुवायला उठलो. चौकटीत आजही शून्यच लिहिलं. शेजारी हिने लिहिलं होतं, 'दूध दीड. एप्रिलला चाचांना आधी कळवणे, दोन पेट्या.' त्याखाली मी एक ओळ वाढवली. 'आजांचं नाव विचारणे.'